बरणीतलं पोवळं

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी पाणी जागं व्हायचं. बाई, म्हणजे माझी आई, उजाडता उजाडता विहिरीवरून दोन घागरी आणी आणि दुपदरी फडक्यातून ते पाणी हंड्यात गाळी. अंथरुणात पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकत असे. आधी घागरीचा मोठा ओघ, मग फडक्यातून उतरणाऱ्या धारांची बारीक रिपरिप. गाळून झालं की बाई फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं विसळी आणि ते विसळण तांब्यात घेऊन परत त्याच विहिरीवर जाई. तांब्या दोरीनं सोडायचा, पाण्याला टेकला की अलगद उपडा करायचा. फडक्यात अडकलेले जे जीव डोळ्यांना दिसतही नाहीत, ते ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, असा आम्हा जैनांचा नेम. ह्या विसळणाला आम्ही जिवाणी म्हणत असू. शेजारची विहीर जवळ पडते म्हणून तिच्यात टाकलेली चालत नसे. एकदा मी तसं केलं होतं, तर बाईनं मला मारलं नाही की रागावली नाही. फक्त विचारलं, "तुला कुणी उचलून परक्या गावात टाकलं तर?"

जुन्नरच्या पेठेत आमचं मण्यांचं दुकान होतं. पणजोबा मारवाडातून उंटावरून आले की पायी, यावर घरात दोन मतं होती. माझ्या पिढीपर्यंत आम्ही भांडायचोसुद्धा मराठीतच, आणि पूजा नि पापड तेवढे मारवाडी उरले होते. दुकानात काचेचे मणी, रेशमी गोंडे, करगोटे, कुंकवाच्या पुड्या असत. पण दुकानाचा खरा मान पोवळ्यांना होता. लाल पोवळ्यांच्या माळा गादीच्या मागे खुंट्यांवर टांगलेल्या असत आणि दुपारचं ऊन त्यांच्यावर आलं की आतली भिंत तांबूस होऊन जाई. बापू, म्हणजे माझे वडील, डोळे मिटून नुसत्या बोटांनी खरं पोवळं आणि रंगवलेली काच ओळखत. ते फार बोलत नसत. एखादी गोष्ट पटली नाही तर पगडी काढून गुडघ्यावर ठेवत, तेवढ्यावर समोरच्यानं समजून घ्यायचं.

सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची असत, त्यामुळे दिवस कलला की घराला घाई सुटे. तव्यावर बाजरीची भाकरी फुगे, शेजारी बेसनाच्या गट्ट्यांची आमटी रटरटे, निखाऱ्यावरचे पापड वाकडेतिकडे होत आणि बाईचा एक डोळा चुलीवर तर एक अंगणातल्या उन्हावर असे. थंडीत खंडू आंबेमोहोर तांदूळ घेऊन येई. खंडू घाटघरच्या बाजूचा, डोंगरातला. बापूंच्याच वयाचा असेल. त्याची चार खाचरं होती, आणि शेतीतून मोकळा झाला की तो कावड खांद्यावर घालून नाणेघाट उतरे, कल्याणपर्यंत माल पोचवून परत येई. त्याचा तांदूळ शिजायला लागला की अख्ख्या आळीला कळत असे. आता माझ्या सुना तोच तांदूळ म्हणून काहीतरी आणतात. मी काही बोलत नाही, खाते.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासर घोडेगावला, आणि येत्या फाल्गुनात मला पाठवायचं ठरलं होतं. बाई मला पापड लाटायला, वड्या घालायला, सासूसमोर मान किती खाली घालायची ते शिकवत होती. माझं अंगचं म्हणावं असं एकच होतं, हात स्थिर होता. मोहरीएवढे मणी मी न चुकता ओवी, आणि पर्युषणात मंदिरापुढची रांगोळी माझ्याकडे असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर माडीवरची खोली खांबेटे मास्तरांनी भाड्यानं घेतली. ते मूळचे कोकणातले, मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे. विषमज्वरातून उठले होते आणि डॉक्टरांनी त्यांना कोरड्या हवेत जाऊन राहायला सांगितलं होतं. बापूंनी खोली देताना एकच अट घातली. या घरात जीव मारायचा नाही आणि मारलेला आणायचा नाही. मास्तर म्हणाले, माझ्याजवळ पुस्तकं, काचा आणि दगड आहेत. दोन पेट्या भरून खरोखर दगडच निघाले. पांढरे, करडे, कुणी मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे, कुणी मधाच्या पोळ्यासारखे, कुणी फुटक्या वाटीएवढे. मालवणपासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावरून त्यांनी ते सात-आठ वर्षं गोळा केले होते आणि त्या सगळ्यांचं वर्णन, आकृत्यांसह, एका पुस्तकात करायचं होतं. पण तापानं त्यांच्या उजव्या हाताला कंप ठेवला होता. पेन्सिल टेकवली की रेघ थरथरत जाई. मी त्यांना ताक द्यायला वर गेले तेव्हा त्यांच्या पुढ्यात तसले सात-आठ कागद चुरगळून पडले होते.

बाईनंच त्यांना सांगितलं की आमच्या केसरला रांगोळी बरी येते. ती सहज बोलून गेली. मास्तरांनी मात्र मला बसवलं, पितळी सूक्ष्मदर्शकाखाली एक दगड ठेवला आणि काय दिसतं ते काढायला सांगितलं. मी वाकून डोळा लावला आणि मागं सरकले. मग पुन्हा लावला. नुसता खरबरीत दिसणारा तो दगड म्हणजे एकाला एक लागून असलेल्या वाट्याच वाट्या होत्या, आणि प्रत्येक वाटीत कडेपासून मध्याकडे जाणारे पातळ पडदे, जसे चाकाचे आरे. एक मोठा, एक लहान, मग पुन्हा मोठा. कुणी आखून दिलं होतं त्यांना? मी जी बसले ती बाईनं जेवायला हाक मारली तेव्हाच उठले. मास्तरांनी माझी आकृती उजेडाला धरली, पडदे मोजले आणि म्हणाले, इथं अठ्ठेचाळीस हवेत, तुझे सेहेचाळीसच आहेत. मी म्हटलं, दोन मोडलेले आहेत. त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

"असंच करत जा," ते म्हणाले. "जे असायला हवं ते काढायचं नाही. जे आहे ते काढायचं."

तो महिना कसा गेला मला सांगता येणार नाही. पापड लाटून झाले की मी जिना चढे. बोटांना उडदाचा वास आणि समोर कुठल्या कुठल्या समुद्राच्या तळची नक्षी. मास्तरांनी मला नियम दाखवला. सहा मोठे पडदे, त्यांच्या मध्ये आणखी सहा, मग बारा, मग चोवीस. दगड कुठलाही घ्या, हिशेब सहाच्या पटीतच येई. मी घरभर सहा शोधत फिरे. सीताफळाचे डोळे मोजले, जात्याच्या टाक्या मोजल्या. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. कुकडी नदी दुथडी भरली की तेवढाच असेल असं मला वाटे.

आणि मग ती दुपार आली. दुकानात गादीजवळच्या पेटीत एक पोवळ्याची कच्ची फांदी होती, न घासलेली, न कातलेली. आजोबांनी मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याकडून गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून आणलेली. वीतभर लांब, वरून मळकट गुलाबी कवच, त्यावर बारीक फोड आल्यासारखे उंचवटे. बापू जेवायला गेले होते. मी ती फांदी पदराआड धरून माडीवर नेली, मास्तर वामकुक्षी घेत होते, आणि भिंगाखाली ठेवली. प्रत्येक उंचवट्यावर एक चांदणी होती. मी दाते मोजले. आठ. चुकलं असेल म्हणून दुसरी मोजली. आठ. मी त्या फांदीवरच्या तीस चांदण्या मोजल्या आणि एकीलाही सहा नव्हते, बारा नव्हते, आठच होते. मास्तरांना उठवायची रीत नव्हती, म्हणून मी खुर्ची मुद्दाम सरकवली.

त्यांनी पाहिलं आणि पलंगावर बसून ते हसायलाच लागले. म्हणाले, विद्वानांना पोवळ्याची ही दोन घराणी वेगळी करायला कितीतरी वर्षं लागली, माझ्या ह्या दगडांचं सहाचं एक आणि लाल पोवळ्याचं आठाचं एक, आणि तू ते दुकानातल्या पेटीतून काढलंस. मी विचारलं, घराणी म्हणजे? तेव्हा त्यांनी मला बापूंच्या अटीमुळे जे सांगायचं इतके दिवस टाळलं होतं ते सांगितलं. ह्या प्रत्येक वाटीत एक जीव बसलेला असे. जाईच्या कळीएवढा. वर तोंड, तोंडाभोवती हात. समुद्राच्या पाण्यात विरलेला चुना तो घेतो आणि स्वतःखाली बैठक बांधत जातो. आठाच्या घराण्यात आठ हात, सहाच्या घराण्यात सहाच्या पटीत.

मी त्या संध्याकाळी पानावर बसताच सगळं सांगून टाकलं. तेरा वर्षांच्या मुलीला असलं काही पोटात ठेवता येतं का? "बापू, आपलं पोवळं म्हणजे जीव आहे," मी म्हटलं. "त्याला आठ हात असतात." बापूंचा घास हातातच राहिला. आमच्यात पानात अन्न टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. त्या दिवशी बापूंनी अर्धी भाकरी तशीच ठेवली, हात धुतला आणि ते माडी चढले. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. ते म्हणाले की आमच्या शास्त्रात पोवळं खनिजांबरोबर, पृथ्वीकायात सांगितलं आहे, माझे बापआजे ते विकत आले, आणि हाडाचा, दाताचा व्यापार आम्हाला निषिद्ध आहे. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर मी जन्मभर हाडं विकली. मास्तरांनी पुस्तकातली चित्रं दाखवली असावीत, कारण पानं उलटल्याचा आवाज आला. बापू म्हणाले, चित्र कुणीही काढतं.

"मला दाखवा," ते म्हणाले. "नाहीतर माझ्या मुलीच्या डोक्यात हे भरू नका आणि खोली रिकामी करा."

मला आठ दिवस माडी बंद झाली. बाईनं मला कुरडयांच्या गव्हाला बसवलं आणि मी गव्हाच्या चिकाकडे बघत रडले. मास्तरांनी तेवढ्यात दोन पत्रं लिहिली होती. दोन्ही मुंबईतल्या आपल्या एका विद्यार्थ्याला. तो ओहोटीला खडकांवर जाऊन एक वस्तू मिळवणार, कल्याण स्टेशनवर खंडूच्या हाती देणार आणि खंडू ती कावडीतून घाट चढवून आणणार. मंगळवारी दुपारी खंडू दारात येऊन उभा राहिला. कावडीच्या दोन्ही बाजूंना लोणच्याच्या असतात तशा चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. एकीत नुसतं समुद्राचं पाणी, दुसरीत पाणी आणि मुठीएवढा काळा दगड.

"आक्का, आत काय हाय ते मला ठावं न्हाई," तो बाईला म्हणाला. "पर मास्तरांच्या पोरानं सांगितलं, डचमळू देऊ नगंस. घाटात लई जपून आलो बगा. सावलीसावलीनं. बसलो तितं फडकं वलं केलं."

बापू दुकानातून आले, बरणीत डोकावले आणि पगडी काढून त्यांनी हातात धरली. काळ्या दगडावर तीन लहान तपकिरी बोंडं चिकटलेली होती. प्रत्येक बोरापेक्षा लहान, मिटलेलं. मास्तर सांगत होते की ही एकेकटी राहणारी पोवळी आहेत, सहाच्या घराण्यातली, मुंबईच्या खडकांच्या फटीत मिळतात, आणि ही जिवंत आहेत. बापू म्हणाले, "मी दाखवा म्हणालो होतो. आणा म्हणालो नव्हतो." मास्तर म्हणाले, समुद्र जुन्नरला आणता येत नाही शेठजी. त्यांचं हे चालू असतानाच माझी माडी उघडली, कारण बरण्या वर न्यायला बाईनं मलाच सांगितलं.

दगड पसरट काचेच्या भांड्यात ठेवला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, कारण उजेडात ती उमलत नाहीत. पाणी शिळं होऊ नये म्हणून ते पळीनं उचलून उंचावरून थेंबथेंब परत सोडायचं होतं, दिवसातून कितीतरी वेळा. हे काम बाईनं घेतलं. तिनं कुणाला विचारलं नाही. कामं उरकून ती वर येई, भांड्यापाशी मांडी घाली आणि पळी धरे. अंधाऱ्या खोलीत एक मंद चिमणी ठेवून ते टप टप ऐकत आम्ही बसून राहत असू. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारही गेला. बोंडं मिटलेलीच. मास्तरांनी सांगितलं, एखादा कोळंबीचा कण दिला तर उघडतील, आणि बाईच्या तोंडाकडे बघून लगेच म्हणाले, नाही, नकोच. बापू रोज दुकानातून येताना जिन्याशी थांबत, मी मान हलवी, ते पुढं जात. मला रात्री झोप लागत नव्हती. मेली असली तर आम्ही तिघा जिवांना मारलं होतं आणि वर काही सिद्धही केलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बाई पळीनं पाणी सोडत होती आणि मी भिंग घेऊन पालथी पडले होते. मधल्या बोंडाच्या माथ्यावर एक चीर दिसली. आधी मला डोळ्यांपुढचा केस वाटला. मग ती चीर रुंद झाली आणि तिच्यातून काचेसारखं पारदर्शक काहीतरी वर आलं, टोकाला पांढरा ठिपका असलेलं. मग त्याच्याशेजारी दुसरं. मग एकदम सगळीकडून. हात. दवासारखे हात, प्रत्येकाच्या टोकाला मोत्याचा दाणा, हळूहळू लांब होत, आपापली जागा शोधत. मी बाईचा पाय धरला. ती पळी तशीच अधांतरी धरून वाकली. आम्ही दोघी किती वेळ तशा होतो कोण जाणे. मग मला भान आलं आणि मी जिन्यातून ओरडले. भर पेठेत ऐकू जाईल असं मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी ओरडले नाही.

बापू भिंग घेऊन बसले. पुष्कळ वेळानं म्हणाले, लाजाळूही मिटते आणि उघडते, ती वनस्पतीच आहे. मास्तरांना याचा राग यायला हवा होता, पण ते खूष झाले. म्हणाले, शेठजी, हा प्रश्न माझे विद्यार्थी विचारत नाहीत. ते पुढं काही बोलणार इतक्यात बाईच्या बांगडीवरून वाळलेल्या बेसनाचा कण भांड्यात पडला. तो तरंगत खाली गेला, दोन हातांनी त्याला धरलं, तिसरा वाकला, आणि कण मधोमध तोंडाकडे सरकत गेला. तोंड उघडलं आणि मिटलं. बापूंनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. मग त्यांनी स्वतः चिमणीच्या काचेवरची काजळी काडीनं खरवडली आणि तिचा कण टाकला. हातांनी तोही धरला, जरा वेळ ठेवला, आणि मग टोकाटोकांनी बाहेर ढकलत कडेला सोडून दिला. बापूंनी दुसरा कण टाकला. तोही बाहेर आला.

"याला नको म्हणता येतं," बापू म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि त्या भांड्याला हात जोडले.

खरा पेच तिथून पुढं आला. मास्तरांच्या पुस्तकाला उमललेला जीव हवा होता. थंड औषधानं त्याला गुंगवायचं, हात पसरलेले असतानाच स्पिरिटमध्ये घालायचं, म्हणजे तो तसाच राहतो आणि मग कापून आतली रचना पाहता येते. हे त्यांनी लपवलं नाही, सरळ सांगितलं. बापूंनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. बाई मात्र उठली, पळी तिनं पदराला पुसली आणि म्हणाली, "ज्या पाण्यातलं त्या पाण्यात." मास्तर म्हणाले, वहिनी, समुद्र इथून किती लांब आहे. बाई म्हणाली, लांब असला तरी विहीर तीच पाहिजे. शेवटी ठरलं ते असं. खंडू रविवारी बाजार करून परत घाट उतरणार होता. तोवर माझ्याकडे दीड दिवस होता. त्या दीड दिवसात मी जे काढेन तेवढं मास्तरांचं, आणि जीव समुद्राचे.

त्या दीड दिवसाइतकी मी आयुष्यात पुन्हा कधी जागी नव्हते. उमललेलं वरून काढलं, बाजूनं काढलं, अर्धं मिटलेलं काढलं, कण धरलेलं काढलं. हात मोजायचे तर ते हलत, म्हणून मी एका हाताच्या ठिपक्यावर नजर रोवून एकेक घर पुढं जाई, मण्यांची माळ मोजतात तशी. अठ्ठेचाळीस. बाईनं मला शनिवारी जेवण वर आणून दिलं, जे आमच्या घरात आजारी माणसालाच मिळे. बापूंनी दुकानातली बारीक मणी तपासायची मोठी काच माझ्यासाठी वर पाठवली. दुपारपर्यंत उरलेली दोन्ही उमलली आणि त्या काळ्या दगडावर तीन फुलं एकदम हलायला लागली.

शनिवारी ऊन कलताना खोलीत मी आणि मास्तर दोघंच होतो. त्यांनी पेटीतून गुंगीच्या औषधाची एक लहान बाटली काढली आणि मांडीवर ठेवली. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आज पुन्हा लिहून ठेवते. सात-आठ वर्षांचं काम होतं आणि हात साथ देत नव्हता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "केसर, तीन आहेत. एक कमी झाला तर कुणाला कळेल?" मलाही आत काय असतं ते पाहायचं होतं, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. पडदे कुठून सुरू होतात, चुना कसा साचतो, हे चित्रात येत नव्हतं, कापल्याशिवाय येणार नव्हतं. मग हातातला कागद त्यांच्यापुढे धरला.

"मास्तर, मी तीन काढलेत," मी म्हटलं. "जे आहे ते काढायचं ना?"

त्यांनी कागद पाहिला. बाटली पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली मला दिली. म्हणाले, सोमवारी परत दे.

रविवारी बाजार उठल्यावर खंडू कावड घेऊन निघाला. बापूंनी त्याला सांगितलं की कल्याणला बरणी त्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायची नाही. त्याला बरोबर घ्यायचं, आगगाडीनं मुंबईपर्यंत जायचं, दगड जिथून काढला ती फट दाखवायला सांगायची आणि आपल्या हातानं तिथं ठेवायचा. खंडू आगगाडीत कधी बसला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं की बरणी मांडीवर घेऊन बसलं तर चालतं का. नंतरचे दिवस घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. बापूंनी मधेच एका सकाळी खुंट्यांवरच्या लाल माळा उतरवल्या, धोतराच्या पानात बांधल्या आणि माळ्यावर ठेवल्या. दुसऱ्याला विकल्या तर पाप फक्त हात बदलतं, असं ते बाईला म्हणाले. गिऱ्हाईक आलं की पोवळं ठेवत नाही म्हणून सांगत. पुष्कळ बायका त्या वर्षी आमच्या दुकानावरून पुढं गेल्या. भिंत पांढरी दिसायला लागली. मला ती बघवत नसे, आणि अभिमानही वाटे.

खंडू आला तो तिसऱ्या दिवशी नाही, सातव्याही नाही, बाराव्या दिवशी. ओसरीवर बसला, बाईनं दिलेलं पाणी प्यायला आणि पाय चोळत राहिला. बापू, बाई, मी, मास्तर, सगळे उभे. तो सांगायला लागला तर आधी आगगाडीचंच सांगत बसला, खिडकीतून झाडं मागं पळतात ते. मग समुद्राचं. म्हणाला, "पानी व्हतं, आन पल्याड काईच न्हवतं. म्या कावड धरून हुबाच ऱ्हायलो." फट सापडायला एक अख्खी ओहोटी गेली. पाण्यात मांड्यांपर्यंत उतरून त्यानं दगड बसवला आणि वर येऊन खडकावर बसला. मास्तरांचा विद्यार्थी म्हणाला, झालं काम, चल. खंडू उठला नाही. घरी गेल्यावर शेट इचारणार, त्याला वाटलं. भरतीचं पाणी फटीत शिरलं तेव्हा तो पालथा पडून वाकून बघत होता.

"मग?" बापूंनी विचारलं.

"उगडली," खंडू म्हणाला.

"किती?"

"तिन्ही उगडली, शेट."

बाईनं डोळ्यांना पदर लावला आणि भाकऱ्या थापायला आत गेली. मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. मला नाचावंसं वाटत होतं, पण तेरा वर्षांची लग्न झालेली मुलगी ओसरीवर नाचत नाही, म्हणून मी खंडूसाठी आतून गुळाचा खडा आणायला गेले आणि कोठीच्या खोलीत दार लावून नाचले.

घोडेगावहून त्याच आठवड्यात माणूस आला होता, मुलीला कधी पाठवता म्हणून. मास्तरांच्या पेटीतले निम्मे दगड अजून काढायचे राहिले होते. यावर घरात काही बोलणं झालं नाही, निदान माझ्यासमोर नाही. एक दिवस दुपारी बापू दौत आणि बोरू घेऊन ओसरीवर बसले आणि व्याह्यांना पत्र लिहायला लागले. मी मागं उभी राहून वाचलं. क्षेमकुशल झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं की कन्येचं इथं काम चालू आहे, ते पुरं होण्यास एक वर्ष लागेल, नंतर पाठवतो, राग नसावा. बाई पीठ चाळत होती. तिनं चाळण थांबवली आणि काय लिहिलंत ते वाचून दाखवा म्हणाली. बापूंनी वाचलं.

"काम म्हणजे कसलं, ते नाही लिहिलंत," बाई म्हणाली.

बापूंनी बोरू पुन्हा बुडवला आणि 'काम' या शब्दाच्या वर, ओळीच्या मध्ये, बारीक अक्षरांत 'पोवळ्यांचं' असं घातलं.

"त्यांना वाटेल, माळा ओवते आहे."

"वाटू दे," बापू म्हणाले आणि शाई वाळायला पत्र उन्हात धरलं.